बुडाशिवाय नाव नाही

"लाव. लाव ना ब्रश! पण आधी माझ्या डोक्याला लाव, मग भिंतीला."

"ताई, मी काय म्हणतो…"

"तू काही म्हणू नकोस. तू रंगारी आहेस, रंग लाव. पुढच्या दाराला लाव, जिन्याला लाव, वाटलं तर माझ्या भावाच्या टकलाला लाव, नाहीतरी उन्हात चमकतंय ते. या भिंतीला नाही."

रंगाऱ्यानं बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली. मागच्या अंगणात दगडी भिंतीला पाठ लावून, स्टुलावर बसलेली ही बाई. तिच्या डोक्याच्या वर हातभर जागेत दगडफूल माजलेलं. नाव फूल, पण फूल कसलं, दगडाला झालेली खरूज ती. कुठं राखाडी, कुठं हिरवट, कुठं गंजाच्या डागासारखी तांबूस. रंगाऱ्याला सकाळी सांगितलं होतं, आधी हे सगळं खरवडून काढ आणि मग पांढरा हात मार. ते सांगणारीण आता वरच्या मजल्याच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.

"वन्सं, उठा तिथून! भिंत काय तुमच्या एकटीच्या बापाची आहे?"

"बाप तुझ्या नवऱ्याचाही तोच होता गं, म्हणून तर निम्मी तुझी आहे. तुझी निम्मी वरची. जा, ती रंगव. शिडी लागेल."

"ऐकलंत का हो?" भावजय आत तोंड करून ओरडली. नवरा ऐकत होता, पण ऐकू आलं असं कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

ही बाई वेडी असेल, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल. वेडी नाही. फटकळ आहे, हट्टी आहे, एकदा नाही म्हटलं की नांगर अडकला खडकात. गल्ली तिला मिनिटकाटा म्हणते. उंच, सडपातळ, टोकदार आणि एका जागी थांबलेली कुणी पाहिली नाही. तिचा धाकटा भाऊ बुटका, जाडसर, टपालात पत्रं निवडायच्या कामावर. त्याचं पाऊल पडलं की नाही ते कळायला वेळ लागतो. तो तासकाटा. नावं ठेवणाऱ्यानं नावं ठेवली आणि तो मरून गेला, नावं चालूच आहेत.

खालचा मजला बहिणीचा, वरचा भावाचा. खालच्या पुढच्या खोलीत बापानं थाटलेलं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. बापानं दोघांनाही शिकवायला बसवलं होतं. भावाची बोटं जाड, त्यानं एका बैठकीत दोन चक्रं वाकवली. बाप म्हणाला, तू पत्रंच निवड. बहिणीचा हात बसला तो बसलाच. आज बाप नाही, पण टेबल तेच, डोळ्याला लावायचं भिंग तेच, आणि दुकानातली शिस्तही तीच. भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. गिऱ्हाईक हसतं, तर ती म्हणते, "जे दुरुस्त झालंय त्यालाच खरी वेळ सांगायचा हक्क. बाकीच्यांनी गप्प बसायचं."

तिचा आणि पतंगांचा संबंध प्रेमाचा नव्हे. लोकांना वाटतं, म्हातारपणी बायका मांजर पाळतात, हिनं किडे पाळले. तसं नाही. संबंध सुरू झाला तो भांडणातून.

कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं मनगटी घड्याळ. तिनं दुरुस्त करून दिलं, बंद पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा बंद. मग पाववाल्यानं भर रस्त्यात, पाव घ्यायला आलेल्या माणसांसमोर घड्याळ हलवून कानाला लावलं आणि म्हणाला, "मिनिटकाट्याचा हात गेला आता. वय झालं."

हात गेला! ही शिवी बापाला लागते. तिनं घड्याळ त्याच्या हातातून ओढून घेतलं, दुकानात आली, दार लावून झाकण उघडलं. सगळी चक्रं ठीक, कमान ठीक. मोठं भिंग लावलं तेव्हा दिसलं, चक्राच्या सुईएवढ्या टोकाशी एक कण अडकलाय. धूळ म्हणावी तर धुळीला आकार नसतो. याला होता. कौलासारखा, एका कडेला दातेरी. आणि पिवळा, वाळलेल्या गवतासारखा.

पंखावरची भुकटी. संध्याकाळी टेबलावरच्या दिव्याभोवती बारीक पतंग भिरभिरायचे, ते बाप असल्यापासूनचं. बाप हातानं वारायचा, तीही वारायची. त्यातलाच कोणीतरी उघड्या घड्याळावर पंख झाडून गेला होता. बोटाच्या नखाएवढाही नसलेला प्राणी, आणि तिचा हात गेला असं गल्लीला सांगून बसला.

"कोण आहे रे तू?" ती म्हणाली. ते काही कौतुकानं नाही. चोराचं नाव विचारतात तसं.

मग तिनं त्याचा माग काढला. दिवा लागला की टेबलावर येऊन बसायचा तो. पंख अंगाभोवती गुंडाळून, दुमडलेल्या पावतीसारखा. रंग तोच, गवती पिवळा, पंखांच्या कडेला काळ्या टिंबांची ओळ. येतो कुठून, तर मागच्या खिडकीतून. मागं काय, तर अंगण आणि भिंत. भिंतीवर हिला सापडले ते सुरवंट. काळपट, केसाळ, दगडफुलावर म्हशीसारखे चरत होते, मान न उचलता. पाला नको, फळ नको. दगडावरची खरूज खाऊन जगणारी जात. "म्हणजे माझ्यासारखीच," ती म्हणाली, "दुसऱ्याला नको असलेल्यावर पोट भरणारी." बंद पडलेली घड्याळंच तिच्या पोटाला घालत होती ना.

पण नाव कळेना. गल्लीत विचारलं तर सगळे म्हणाले, पतंग. पतंग तर आहेच, पण कुठला? गिऱ्हाईक येऊन 'घड्याळ बंद आहे' म्हणतं, तेवढ्यानं काय कळतं? शहराच्या दुसऱ्या टोकाला संग्रहालय होतं. तिथं किडेवाल्या बाई बसतात असं कळलं. तिनं एक पतंग पकडला, डबीत घातला. डबीत तो मेला. मेला तर मेला, पण पंख आखडले. तिला वाटलं, नीट पसरून न्यावा, आपली कामाची रीत दिसावी. चिमट्यानं उघडायला गेली, उघडेना. बिजागरी आखडली की आपण काय करतो? तिनं केलं.

संग्रहालयातली खोली डांबरगोळ्यांच्या वासानं भरलेली. किडेवाल्या बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, तोंडात शिंप्यासारखी टाचणी धरून बोलणाऱ्या. त्यांनी डबी उघडली, बराच वेळ बघितलं आणि तोंडातली टाचणी काढली.

"याला काय केलंत?"

"पंख उघडत नव्हते. तेल सोडलं."

"काय सोडलं?"

"तेल. एक थेंब. सुईनं."

"घड्याळाचं?"

"मग काय डोक्याचं घालू?"

बाईंनी डबी दिव्याखाली धरली. पंख काचेसारखे झाले होते, मळकट, राखाडी. ओला कपडा काळपट दिसतो तसं. पिवळ्याचा मागमूस नाही, टिंबंही विरघळल्यासारखी.

"साधा राखाडी आहे," बाई म्हणाल्या. "सगळीकडे सापडतो. दगडफुलावरच वाढतो."

"राखाडी नाही. पिवळा होता."

"मला राखाडी दिसतोय."

"जिवंत असताना पिवळा होता. मी पाहिलाय."

"असेल. पण तुमच्या डोळ्यांना टाचणी टोचून मला पेटीत ठेवता येत नाही. आणि पिवळा इथं नसतोच. तो वर डोंगरात असतो, जंगलात, झाडांच्या सालींवरच्या दगडफुलावर. खाली कधी कुणाला मिळाला नाही."

"माझ्या भिंतीला ते कुणी सांगितलं नाही."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला लागल्या. "असं करू. बूड बघून ठरवू. बूड कुठंय याचं?"

ती डबीच्या झाकणाशी चाळा करायला लागली.

"बूड हो. पोटाचं टोक."

"पडलं. चिमटा लागला."

"कुठं पडलं?"

"मिळालं असतं तर आणलं नसतं का?"

मग बाईंनी समजावून सांगितलं. हे बारीक पतंग बाहेरून एकमेकांसारखे दिसतात, रंग उडतो, टिंबं कमीजास्त होतात. पण नराच्या बुडाशी आकडे असतात, आणि प्रत्येक जातीचे आकडे वेगळे. किल्ली आणि कुलूप. बूड तोडून कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र खारात उकळायचं, मांस विरघळतं, आकडे उरतात. ते पाहिले की मग कुणाच्या बापाला हुज्जत घालता येत नाही. "बुडाशिवाय नाव नाही," बाई म्हणाल्या. "नर आणा, बुडासकट. आणि तेल न लावता."

ती तणतणत बाहेर पडली. राग कशाचा, तर बाई चुकल्या याचा नाही. बाई बरोबर होत्या याचा. झाकण उघडल्याशिवाय घड्याळाला काय झालंय ते ती तरी कुठं सांगत होती? आणि तेल? शिकाऊ पोरगंही एवढं जाणतं की तेल टोकाला लावायचं, तबकडीला नाही. चूक तिचीच होती, आणि त्या चुकीपायी पिवळा राखाडी ठरून पेटीत गेला होता. ते तिला पचेना.

पण तोवर दिव्यावर येणं थांबलं होतं. पतंगांचा हंगाम सरला, भिंतीवर पुन्हा बारीक सुरवंट चरायला लागले. ते मोठे होईपर्यंत ती थांबली. मग सुरवंटांनी एक कारागिरी केली. अंगावरचे केस उपटले आणि त्या केसांचा पिंजरा विणला, दगडाला चिकटवलेला, जाळीदार, आत स्वतः टांगलेला. तिनं भिंग लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बरं काम आहे." तिच्या तोंडून एवढं ऐकायला बापानं किती वाट पाहिली असती.

घाई करून एक पिंजरा सोडवून तिनं बरणीत ठेवून पाहिला होता. पिंजरा फाटला, आणि आतून पतंगाऐवजी निघाली एक माशी. ती आधीच आत शिरून बसली होती, घरच्याला खाऊन. दुसऱ्या बरणीतला कोष दुकानाच्या उष्णतेनं वाळून गेला. म्हणजे पिंजरे भिंतीवरच पिकायला हवेत. आणि त्याच वेळी भावजयीला भिंत पांढरी करायची होती.

भावजयीचीही बाजू होती, खोटं कशाला बोला. तिच्या कपड्यांची दोरी त्याच अंगणात. एकदा टॉवेलात सुरवंट आला, तिनं मान पुसली, आणि मानेवर गांधी उठल्या. सुजलेली मान घेऊन ती खाली आली तेव्हा नणंद भिंग लावून भिंतीकडे बघत होती.

"तुमचे पाहुणे माझ्या टॉवेलात निघाले."

"मेला का?"

"कोण, मी?"

"सुरवंट."

एवढं झाल्यावर रंगारी आला नसता तरच नवल.

तर त्या दिवशी तासकाटा शेवटी खाली उतरला. चपला घालून, चष्मा पुसून, घसा खाकरून. बायको वर, बहीण खाली, आणि मध्ये बादली घेतलेला रंगारी.

"ताई, ते पिंजरे खरवडून डबीत घेतले तर?"

"मोडतात."

"मग नवे सुरवंट आणू."

"आण. किराणा दुकानातून आण. ताजे बघून घे."

"अगं, पण तिची मान…"

"तिच्या मानेला मलम आणून दिलं मी. माझ्या नाकाला कोण देणार? त्या बाईंच्या पेटीत राखाडी म्हणून बसलाय तो, माझ्या हातानं तेल लावलेला. त्याचं खरं नाव लागेपर्यंत मी उठणार नाही. बायकोला सांग, नणंदेसकट रंगवायला परवानगी आहे."

रंगाऱ्याला संध्याकाळच्या आत दुसरीकडं जायचं होतं. तो शहाणा माणूस. त्यानं दोघींकडे पाहिलं नाही. सगळी भिंत खरवडली, रंगवली, आणि स्टूल, बाई आणि तिच्या डोक्यावरची हातभर जागा तेवढी सोडली. जाताना तासकाट्याला हळूच म्हणाला, "साहेब, ओल खालून येतेय. रंगानं ती जाणार नाही, सांगून ठेवतो." तासकाट्यानं ते वर सांगितलं नाही. त्याला घरात जेवायचं होतं.

पांढऱ्या भिंतीवर आता दारासारखा एक काळा तुकडा उरला. दुसऱ्या दिवशी मिनिटकाट्यानं टेबल बाहेर काढलं आणि त्या तुकड्याला पाठ लावून दुकान मांडलं. गिऱ्हाइकं बोळातून अंगणात यायला लागली. पाववाला आला, मुद्दाम आला. "काय गं, मिनिटकाटा भिंतीला चिकटला?"

"चिकटलाय, चालू आहे अजून. तुझा पाव चिकटला की फेकावा लागतो."

भावजयीनं बोलणं सोडलं. वरून चहा यायचा बंद झाला. वरून यायला लागलं ते धुण्याचं पाणी. दोरी तीच, कपडे न पिळता टाकलेले, आणि साबणाचे थेंब टपटप तुकड्यावर. साबण लागला की संपले पिंजरे. मिनिटकाटा आत गेली. बापाची मोठी काळी छत्री काढली, उघडली आणि खिळा ठोकून भिंतीला बांधली. लख्ख ऊन, आणि भिंतीला छत्री. गल्लीतली माणसं बोळातून डोकावून जायला लागली.

"भिंत भिजतेय वाटतं?"

"तुमच्या डोक्यावर काही नाही, तुम्ही जा घरी."

आणि एवढं सगळं करून काय झालं? एका सकाळी ती टेबल मांडायला गेली, तर पिंजरे रिकामे. आत फाटलेली कातडी तेवढी लोंबत होती. दिवस मावळता मावळता निघाले होते आणि पसार झाले होते. ही दिवसभर राखण करायची, आणि ते निघायचे ती दिवे लावायला आत गेल्यावर. दुकान दिवसाउजेडी बाहेर मांडल्यामुळं संध्याकाळी टेबलावर दिवा लागतच नव्हता, तेव्हा तिथंही कुणी आलं नाही. ती स्टुलावर बसली. हातातलं घड्याळ तसंच उघडं. एकच पिंजरा भरलेला राहिला होता, तोही काळवंडलेला, माशी लागल्यासारखा. ती त्याच्याकडं बघत बसली आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं.

तेवढ्यात वरून हाक आली.

"वन्सं!"

किती दिवसांनी आलेली हाक. ती उठली नाही.

"वन्सं, वर या. आणि पळत या, माझा हात अवघडलाय!"

वर भावजय पलंगावर वाकलेली. दोरीवरून आणलेल्या उशीच्या अभ्र्यावर तिनं काचेचा पेला उपडा दाबून धरला होता. दुसऱ्या हातात चप्पल. पेल्यात, अभ्र्याच्या शिवणीवर, दुमडलेल्या पावतीसारखा बसलेला. पिवळा. कडेला काळी टिंबं, एकूणएक जागेवर.

"चप्पल मारणार होते," भावजय म्हणाली.

"मग?"

"मग वाटलं, मारला तर पुढच्या हंगामापर्यंत तुम्ही छत्रीखाली बसाल. घ्या तुमचा हा जावई, आणि माझं अंगण मोकळं करा."

"नर आहे का मादी कुणास ठाऊक."

"आता ते पण मीच बघू?"

मिनिटकाट्यानं पेल्याखाली पत्त्याचं पान सरकवलं. हात असा स्थिर, की बापानंही मान डोलावली असती. तेलाची बाटली दुकानातच ठेवून ती निघाली.

किडेवाल्या बाईंनी या वेळी तोंडातली टाचणी काढली नाही. पतंग औषधाच्या बाटलीत शांत झाला.

"पिवळा आहे," मिनिटकाटा म्हणाली.

"दिसतंय."

"मग?"

"बूड."

बूड होतं, आणि नराचं होतं. बाईंनी ते खारात उकळलं, धुतलं, काचपट्टीवर ठेवलं. ठेवताना ते एकदा चिमट्यातून निसटलं.

"मी धरू?"

"हात लावू नका. तेल लावाल."

हे तिला झोंबलं, पण ती हसली. न हसून करते काय? बाईंनी डोंगरातल्या पिवळ्याचं चित्र शेजारी ठेवलं, सूक्ष्मदर्शकात पाहिलं, चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग उठून तिला बसायला जागा दिली. तिनं डोळा लावला. दोन वाकडे आकडे, एकाच्या पोटात एक दात. चित्रातही तसाच दात. घड्याळात कुत्रा म्हणतात त्या खटक्यासारखा, तो नाही का, चक्राला मागं फिरू देत नाही.

"डोंगरातलाच," बाई म्हणाल्या. "दगडी भिंतीवर, इथं खाली. मला ठाऊक नव्हतं."

"आता झालं. मग आता तो पहिला…"

"पहिला राखाडीच राहील."

"काय? एकाच भिंतीवरचे आहेत! सख्खे असतील!"

"असतील. बूड नाही."

"तुम्ही ना, दगड आहात."

"तुम्हाला काय, तुम्ही दगडफूल आहात," बाई म्हणाल्या. "त्याच्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह घालते, यापेक्षा जास्त काही नाही. आणि ऐका. एका नरानं काही सिद्ध होत नाही. लाकडाच्या गाडीतून आला असेल, कुंडीतून आला असेल. इथं राहतो असं लिहायचं तर पुढच्या हंगामात पुन्हा हवा. त्याच भिंतीवरून."

मग त्यांनी टाचणीखाली लावायची चिठ्ठी कापली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. शहर, तारीख लिहिली. "जागा?"

"मागची भिंत, उरलेला तुकडा."

"मावणार नाही."

"द्या इकडं." घड्याळाच्या तबकडीवर आकडे पुन्हा उमटवणारा हात तो. मावलं, वर जागाही उरली.

"आणि पकडणाऱ्याचं नाव. कुणी पकडला?"

मिनिटकाट्याची लेखणी थांबली. छत्री तिनं बांधली. स्टुलावर ती बसली. पाववाल्याची थट्टा तिनं ऐकली. खोलीत डांबरगोळ्यांचा वास आणि बाई वाट बघतायत.

"नियम काय आहे?" तिनं विचारलं.

"ज्यानं पकडला त्याचं."

"चप्पल हातात असली तरी?"

"पकडताना हातात काय होतं ते विचारत नाहीत."

तिनं दातओठ खात भावजयीचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट, शुद्ध.

घरी आली तर भावजय अंगणात, छत्रीचा खिळा उपटायच्या तयारीत.

"झालं ना नाव? उद्या रंगाऱ्याला बोलावलंय."

"येऊ दे. चहा देऊ त्याला. भिंत पुढच्या हंगामापर्यंत लागणार आहे."

"वन्सं!"

"ओरडू नकोस. चिठ्ठीवर तुझं नाव आहे."

"कसल्या चिठ्ठीवर?"

"पतंगाच्या. पकडणारी म्हणून. पेटीत राहणार ते, आपण सगळे गेल्यावरही. डांबरगोळ्यांत."

भावजयीनं खिळा सोडला. पदर सारखा केला. "माझं? काय लिहिलंय?" ऐकून घेतलं, पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग एकदम भडकली. "आणि पुढच्या हंगामात दुसरा नाही सापडला तर? लोक म्हणतील, हिनं उशीच्या अभ्र्यात काहीतरी भलतंच पकडलं!"

"म्हणतील."

"म्हणतील कसे! कोण म्हणतो बघते." ती तुकड्याकडं वळली. "पण माझे टॉवेल इथं वाळणार नाहीत. आधीच सांगते."

"मग दोरी पुढं बांध. माझ्या दुकानावर."

"दुकानावर? सगळ्या गल्लीसमोर? माझे परकर?"

"परकर काय गल्लीनं पाहिले नाहीत? बांध."

दोरी तिनं स्वतःच्या हातानं बांधली, दुकानाच्या पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेबल पुन्हा पुढच्या खोलीत आलं. तासकाटा कामावरून आला, तर दारात बायकोचा परकर आणि मागून बहिणीचा डोळा भिंग लावलेला. तो वाकला, आत गेला. वरून चहा आला, कपाला बशीही होती.

पाववाला ओल्या चादरीखालून डोकं काढत आत शिरला.

"हे काय नवीन? दुकान आहे की धोबीघाट?"

"तुला काय करायचंय?" वरून भावजयीचा आवाज आला. "तुझा पाव मागच्या खेपेला कच्चा होता, त्याचं आधी सांग."

पाववाल्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि मुकाट्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "पुन्हा बंद. तुझा तो पिवळाच शिरला असणार."

मिनिटकाट्यानं मागचं झाकण उघडलं. भिंग लावलं, चक्रं पाहिली, टोकं पाहिली. भुकटी नव्हती. तेलात पीठ बसून त्याचा डिंक झाला होता, बस.

"पिवळा नाही," ती म्हणाली. "उगाच त्याच्यावर ढकलू नकोस. तू घड्याळ घालून कणीक मळतोस. सरक, उजेड अडवतोयस."

पाववाला परकराआडून सरकला. तिनं जुनं तेल पेट्रोलनं पुसलं, सुई बाटलीत बुडवली आणि थेंब बरोबर टोकावर सोडला.